बाहेरचा माणूस आंधळा

गेल्या सहा वर्षांत मी खानदेशात निदान दोन लाख माणसं मारली. काही दुष्काळाने, काही पेंढाऱ्यांच्या हातून, बरीचशी सरकारी फौजेच्या गोळ्यांनी. दर रविवारी दुपारी तौहिदच्या दुकानात बसून, त्याच्या आईने दिलेला चहा पीत हे सगळं चालायचं आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. माणसं लाकडाची होती, तौहिदनेच खरादीवर कातलेली. मेली की डब्यात परत जायची.

मी भूपेंद्र पाटील, बारावीला इतिहास शिकवतो. डोकं तापट आहे, हे गावात कोणीही सांगेल. या खेळाचं खूळसुद्धा मला रागातूनच लागलं. संगणकावर इतिहासाचे खेळ मिळतात. देश चालवायचा, कर लावायचे, लढाया करायच्या. त्यात देशाच्या स्थैर्याचा एक आकडा असतो. तो घसरला की नकाशावर एकाएकी सतरा हजार बंडखोर उगवतात. ते कुठून आले, त्यांना भाकरी कोणी घातली, हत्यार कोणी दिलं, याचा काही पत्ता नाही. फौज पाठवायची, त्यांना चिरडायचं, आकडा पुन्हा वर. एकदा मी संतापून माऊस भिंतीवर फोडला. बंड काय आभाळातून पडतं?

मग मीच खेळ केला. प्लायवूडच्या फळीवर १८१८ चा खानदेश काढला. पेशवाई बुडालेली, इंग्रज नुकते आलेले, सातपुड्यातले नाईक बिथरलेले. प्रत्येक परगण्याला असंतोषाचा एक आकडा दिला, शून्य ते दहा. कर वाढवला की आकडा चढतो, धान्य वाटलं की उतरतो, अफवेचा पत्ता पडला की शेजारच्या परगण्यातही दोनने चढतो. सातच्या वर गेला की परगणा पेटतो. कोण पेटवतं, कशासाठी पेटवतं, त्याच्या घरात दाणे किती, हे सगळं माझ्या नियमांत होतं. मला त्याचा फार गर्व होता.

तौहिद माझा पहिलीपासूनचा मित्र. खाटेचे पाय, ताकाच्या रव्या, पाळण्याचे खांब कातणं हा त्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. घर सुतार गल्लीत, पुढच्या खोलीत खराद, मागे चूल. खेळात तो सरकार व्हायचा आणि मी बंडखोर. तो वाटाघाटीचे पत्ते साठवून ठेवायचा आणि ऐन वेळी काढायचा, त्यामुळे माझी अर्धी बंडं पेटायच्या आधीच विझायची. मी चिडून फळी उलटी करायचो. तो एकेक माणूस शांतपणे गोळा करायचा. त्याची आई अख्तरबानो, जिला मीही अम्माच म्हणायचो, एकदा बराच वेळ आमचा डाव बघत उभी राहिली.

"भूपेन बेटा, तेरे खेल में आदमी रोटी कब खाते हैं?" तिने विचारलं.

मी म्हणालो, तो नियम अजून लिहायचा राहिलाय.

गेल्या दिवाळीत मला वाटलं, दोनशे वर्षं मागे कशाला जायचं? आपलंच गाव घेऊ. गाव कसं पेटतं आणि कसं वाचतं, ते आकड्यांत बसवून दाखवू. मतदारयादी हातात घेऊन मी तीन महिने गल्लीगल्ली फिरलो. सात फुटी फळीवर सगळं गाव काढलं, प्रत्येक घराला एक भोक पाडलं आणि तौहिदने खुंट्या कातल्या. हिरवा आणि भगवा रंग मला वापरायचा नव्हता, ते मला गावंढळ वाटलं. म्हणून हिंदू घराला फिक्या हळदू लाकडाची खुंटी आणि मुसलमान घराला काळ्या शिसवाची. सगळे मिळून अकराशे चाळीस. सुतार गल्लीशी आलो तेव्हा तौहिदने माझ्या हातातून हातोडी घेतली.

"मन्हं घर मीच ठोकसू," तो म्हणाला आणि शिसवाची खुंटी दोन टोल्यांत बसवली.

सुतार गल्लीत बावीस घरं. सतरा फिकी, पाच काळी, मध्येमध्ये विखुरलेली. तिचा असंतोष मी एक धरला होता, सगळ्या गावात सर्वांत कमी. त्यामागे माझे दोन नियम होते. दहावा नियम शेजाराच्या भिंतीचा. जिथे घरांच्या भिंती एक आहेत तिथे शेजारी आग लावत नाही, कारण ती त्याच्या घरातही येते. अकरावा नियम, बाहेरचा माणूस आंधळा. दंगलीला माणसं बाहेरून आणतात, आणि मिश्र गल्लीत कोणतं घर कोणाचं हे त्यांना कळत नाही. दारं सारखी, पत्रे सारखे, ओट्यावरची खाटसुद्धा सारखीच. ते गल्लीच्या तोंडाशी येतात, गोंधळतात आणि परत जातात. जुनी वर्तमानपत्रं चाळून मी हे सिद्ध केलं होतं.

"आनी कोनी दखाडं तं?" तौहिदने विचारलं होतं. कोणी दाखवून दिलं तर?

"गल्लीतला माणूस दाखवणार नाही," मी म्हणालो. "दहावा नियम."

तो हसला आणि पुढची खुंटी उचलली. फळी त्याच्या दुकानात मावेना, म्हणून माझ्या घरी पुढच्या खोलीत, दिनदर्शिकेच्या शेजारी टांगली. येणारे-जाणारे कौतुकाने बघायचे, आपापलं घर शोधायचे. माझा धाकटा भाऊ हितेंद्र तर मित्रांना मुद्दाम दाखवायला आणायचा.

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी बसस्टँडच्या चौकात दोन मोटारसायकली एकमेकींवर आदळल्या. एकीवर आमच्याकडचा पोरगा, दुसरीवर त्यांच्याकडचा. आमच्याकडच्याचा पाय मोडला. त्याला दवाखान्यात नेलं. मी चौकशी केली तेव्हा तो प्लास्टर घालून पडला होता, चांगला शुद्धीवर होता. पण अडीच वाजता फोनवर तो मेला. तीन वाजता त्याला तलवारीने मारलं. सव्वातीनला असे तिघं मेले. चौकातली चपलांची चार दुकानं फुटली, मग एक पानटपरी जळली, मग एका फळवाल्याला त्याच्याच हातगाडीखाली घालून दगडांनी मारलं. हे मला आमच्या माडीवरून दिसलं नाही, ऐकू आलं. आधी काचा, मग माणसं, मग एकच माणूस बराच वेळ, मग तोही बंद झाला.

मी काय केलं असेल? खाली येऊन फळीसमोर उभा राहिलो. सांगायला लाज वाटते, पण छाती धडधडत होती त्यात भीती होती तितकाच आनंद होता. माझा हिशोब खरा ठरत होता. चौकाला मी नऊ दिले होते, चौक पेटला. मग मी तौहिदला फोन लावला. तीन पन्नास झाले होते.

"रिक्शा दारमा उभी शे," तो म्हणाला. मागे रिक्षाचं इंजिन ऐकू येत होतं. "अम्माले लई खांडबारा जाई ऱ्हायनू, अतिकाना घर." अतिका त्याची बहीण, खांडबाऱ्याला दिलेली.

"वेड लागलंय का?" मी ओरडलो. "खांडबाऱ्याचा रस्ता चौकातून जातो. तिथे माणूस मारलाय आत्ता. रिक्षातून ओढून काढतील तुम्हाला. तुझी गल्ली एकवर आहे तौहिद, अख्ख्या गावात तिच्याइतकी सुरक्षित जागा नाही. दार लाव आणि गप घरात बस."

इंजिन चालूच होतं.

"तू सांगस, तं नक्की ना?"

"नक्की. माझा हिशोब आहे हा."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी पाणी प्यायलो. जीव वाचवल्याचं समाधान घेऊन खुर्चीत बसलो, पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग भाऊबंदांच्या ग्रुपवर एक फोटो आला. शंभर ठिकाणी पुढे ढकललेला, खाली लिहिलेलं, ‘काळी घरं त्यांची. मोजून घ्या.’ मी फोटो मोठा केला. फळी. कोपऱ्यात आमची दिनदर्शिका, तिच्यावर माझ्या अक्षरात दूधवाल्याच्या खाड्याच्या फुल्या. सुतार गल्लीतल्या पाच खुंट्यांना लाल गोल केलेले.

"हितेंद्र कुठे आहे?" मी आईला विचारलं. माझ्या आईचं नाव निर्मलाबाई. ती देवासमोर बसून जप करत होती.

"तो गया, तासभर व्हयना," ती म्हणाली.

तौहिदला फोन केला. वाजत राहिला. मी गाडी काढली.

चौक टाळून मागच्या बोळाने गेलो. सुतार गल्लीच्या तोंडाशी दोन टेम्पो आडवे लावलेले, आणि आत तीस-चाळीस माणसं. त्यांतला एकही चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. माझ्याच नियमातली बाहेरची माणसं, फक्त ती गोंधळलेली नव्हती. पुढच्याच्या हातात फोन होता. तो फोनकडे बघायचा, घरं मोजायचा आणि बोट दाखवायचा. पहिलं घर सोडलं, दुसरं सोडलं, तिसरं सोडलं, चौथ्याचं दार कुऱ्हाडीने फोडलं. आतून एका म्हाताऱ्याला दाढी धरून ओढलं आणि ओट्याच्या कडेवर त्याचं तोंड आपटलं. त्याचे दात फरशीवर पडलेले मी पाहिले.

आणि टेम्पोच्या मागे, भिंतीला पाठ लावून, हितेंद्र उभा होता.

"मी आपला ग्रुपवर टाकं व्हतं," तो पुटपुटला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "फक्त आपला पोरेसले. हाई लोके कोठला शेत, माले माहीत नही, दादा."

मी त्याला मारलं. आधी थोबाडीत, मग पोटात, मग त्याचे केस धरून टेम्पोच्या पत्र्यावर डोकं आपटलं, एकदा, दोनदा, पत्रा आत जाईपर्यंत. त्याने हात वर केला नाही. मला थांबता येत होतं. मी थांबलो नाही, कारण मला बरं वाटत होतं. आयुष्यभर खेळात बंड केलं आणि खरा मार पहिल्यांदा दिला, तो सख्ख्या भावाला. किती वेळ गेला? तीन मिनिटं असतील. त्या तीन मिनिटांत ती माणसं चौथ्या घरावरून नवव्या घरावर गेली. नववं घर तौहिदचं होतं.

तिथे शोभाबाई आडवी आली होती. तिची नि तौहिदची भिंत एक. साठीची बाई, एकटी, हात पसरून तौहिदच्या दारात उभी.

"हाई मन्हं घर शे," ती सांगत होती. "आठे दुसरं कोनी ऱ्हात नही."

माझा दहावा नियम तिने पाळला. फोनवाल्याने तिच्या नाकासमोर फोन धरला, तिला बोटाने खुंटी दाखवली आणि मग तिला ओट्यावरून खाली ढकललं. ती कमरेवर पडली, उठता येईना, तरी पडल्या पडल्या तिने एकाचा पाय धरला. त्याने तो सोडवून तिच्या मनगटावर ठेवला. हाड मोडल्याचा आवाज मला दहा पावलांवर आला.

मी धावलो तोवर दार पडलं होतं. आत जाताना माझ्या खांद्यावर काहीतरी बसलं आणि डावा हात लोंबायला लागला. दुकानात कातलेले खाटेचे पाय भिंतीशी उभे होते, चकचकीत, पॉलिश केलेले. त्या माणसांना हत्यारं आणायची गरजच पडली नव्हती. चौघांनी तौहिदला खरादीवर पालथं घातलं होतं. एकाने त्याचा उजवा पंजा लोखंडी पाट्यावर दाबून धरला होता आणि दुसरा लाकडी मोगरीने तो ठेचत होता, सावकाश, एकेक बोट. तौहिद ओरडत नव्हता. त्याचं लक्ष हाताकडे नव्हतंच, तो मागच्या दाराकडे बघून मान हलवत होता, नको, नको म्हणून.

कारण अम्मा मागून येत होती. ती धावत आली आणि पोराच्या पाठीवर पडली, दोन्ही हातांनी त्याचं डोकं झाकलं. त्याच्या डोक्यावर बसायचा खाटेचा पाय तिच्या कानामागे बसला. मग आणखी दोनदा बसला, कारण मारणाऱ्याचा हात चालूच होता. ती घसरून भुशात पडली. पांढऱ्या भुशात रक्त लगेच मुरलं, वाहिलंसुद्धा नाही.

मला त्यांनी भिंतीशी दाबलं. एकाने कुऱ्हाडीचं पातं माझ्या गळ्याला लावलं.

"नाव?"

मी सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. सांगितलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार मी रोज करतो.

"पाटील शे हाऊ," तो मागे वळून म्हणाला. "सोडा तेले."

आणि मला सोडलं. कुणीतरी माझ्या शर्टाची कॉलरसुद्धा नीट केली. तेवढ्यात पोलिसांच्या गाडीचा भोंगा ऐकू आला आणि ते सगळे एकदम निघाले, काम उरकून घरी निघालेल्या माणसांसारखे. मी अम्माजवळ बसलो. ती अजून श्वास घेत होती. माझ्याकडे बघत होती, पण मला ओळखलं की नाही, सांगता येणार नाही. पोलीस आत येईपर्यंत ती गेली.

त्या दिवशी गावात सात माणसं मेली. पाच सुतार गल्लीतली, पाचही शिसवाच्या खुंट्यांची.

तिसऱ्या दिवशी मी गळपट्टीत हात अडकवून फळी भिंतीवरून काढायला गेलो, तेव्हा आई आडवी आली. हितेंद्र आतल्या खोलीत पडून होता, डोक्याला नऊ टाके.

"कोठे लई जाई ऱ्हायना?" आईने विचारलं.

"पोलिसांकडे. फळी माझी, फोटो ह्याचा. दोन्ही नावं देणार आहे."

"आनी तौहिदले?"

"त्यालाही सांगणार."

"तेले सांगानी काय गरज शे?" आईचा आवाज बारीक झाला. "तेनी माय गई, हात गया. आते एक दोस्त ऱ्हायना, तो बी काढी लेशी का?"

तिचं बोलणं मला पटलं, हेच वाईट होतं. मला तौहिद गमवायचा नव्हता. गावात माझ्याशी सरळ बोलणारा तेवढा एकच माणूस होता. जबाब देऊन झाल्यावर जिल्ह्याच्या दवाखान्यात जाताना वाटेत मी चार वेळा ठरवलं की सांगायचं नाही. फोटो कुणाच्या भिंतीवरचा, हे त्याला कोण सांगणार? पोलिसांचे कागद निघायला वर्षं जातील.

तो खिडकीजवळच्या खाटेवर होता. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या बंडलात. डॉक्टरांनी तीन बोटं काढली होती. डाव्या हाताचंही मनगट मोडलेलं, तोही बांधलेला. मला बघून त्याने पाय बाजूला घेतले, बसायला जागा केली. इतक्या सहज, की मला रडू फुटलं. आणि मग मी सगळं सांगितलं, न थांबता. फोटो आमच्या घरातला होता. हितेंद्रने पाठवला. मी त्याला मारत बसलो होतो तेव्हा तुझं दार फुटत होतं. मला नाव विचारलं आणि मी सांगितलं. हे सगळं होण्याआधी दहा मिनिटं मी खुर्चीत बसून तुझा जीव वाचवला म्हणून खूश होतो.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. चेहऱ्यावर राग आला असता तर मी सुटलो असतो. तो आला नाही.

"तो फोटो माले साडेतीनलेच येल व्हता," तो म्हणाला.

मला समजेना.

"साडेतीनले. फळी देखताच वळखी. म्हनीसन तं रिक्शा बलावी." त्याला बोलताना धाप लागत होती. "मंग तुन्हा फोन उना. माले वाटनं, फोटो तुले बी येल व्हई. तुन्हाच घरना शे. तरी तू थांब म्हनी ऱ्हायना, म्हनजे तुन्हा काहीतरी इचार करेल शे."

शेजारच्या खाटेवरच्या माणसाला नर्स औषध देत होती. ती जाईपर्यंत तो थांबला.

"नक्की ना, म्हनीसन इचारं बी तुले."

"विचारलं होतंस," मी म्हणालो.

"अम्मा रिक्शामा बठी जायेल व्हती, भूपा," तो म्हणाला. "मीच तिले हात धरीसन उतारं."

मग त्याने पाणी मागितलं. त्याचे दोन्ही हात बांधलेले आणि माझा एक गळपट्टीत. मी उजव्या हाताने पेला त्याच्या ओठांना लावला. थोडं पाणी हनुवटीवरून सांडलं ते पुसलं, आणि तो अजून हवं का ते सांगेपर्यंत पेला तसाच धरून बसलो.